गाळप दिवस पहाटे चारला उजाडतो: साखर कारखान्याच्या सर्व्हिसेस जोडतानाचा माझा अनुभव

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याचं जुनं एकसंध सॉफ्टवेअर काढून त्याच्या जागी वेगवेगळ्या सर्व्हिसेस (एकेक काम सांभाळणारे आणि एकमेकांना माहिती पाठवणारे छोटे प्रोग्राम) उभ्या करायचं काम आमच्या छोट्या टीमकडे आलं होतं. ऊस नोंद, वजनकाटा, तोडणी-वाहतूक, ऊसबिल आणि शेअर्स, प्रत्येकाची स्वतंत्र सर्व्हिस. सर्व्हर, लॉगिन, काट्याच्या इंडिकेटरवरून वजन उचलणं यात सांगण्यासारखं काही नाही, ते झालं. अडकलो ते एका कागदावर, आणि त्या कागदाचा राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहितोय. कुणी दूध संघात किंवा बाजार समितीत असलं काम घेणार असेल तर त्याला उपयोग होईल.

त्या कागदाचं नाव ‘इंटरफेस मान्यता पत्रक’. कारखान्याने नेमलेल्या सल्लागार कंपनीने तो बनवलेला. दोन सर्व्हिसेसमध्ये जी माहिती जाणार तिच्या प्रत्येक फील्डला, म्हणजे माहितीच्या प्रत्येक घटकाला, एक ओळ: नाव, प्रकार, लांबी, सक्तीचं की ऐच्छिक, शेरा. खाली दोन्ही विभागांच्या सह्या. फील्डचा अर्थ काय, हे लिहायला रकानाच नाही.

वजनकाट्याकडून ऊसबिलाकडे जाणाऱ्या पत्रकात एक ओळ होती: ‘दिनांक, प्रकार तारीख, लांबी १०, सक्तीचं’. काट्यावाल्यांनी सही केली, अकाउंट्सने केली, वाहतूक विभागानेही त्यांच्या पत्रकावर केली. सल्लागारांच्या तपासणीत सगळ्या ओळी हिरव्या. मग आम्ही २०२४-२५ च्या हंगामाचा जुना डेटा नव्या सर्व्हिसेसमधून चालवला आणि जुन्या बिलांशी ताडून पाहिला. महिन्याच्या मधल्या आठवड्यांचा डेटा घेतला तेव्हा पैशापर्यंत जुळलं. पूर्ण हंगाम घेतला आणि जवळपास प्रत्येक पंधरवड्याला ऊसबिलाचं टनेज आणि वाहतूक बिलाचं टनेज यांत फरक यायला लागला. एका पंधरवड्यात ऊस जास्त, वाहतूक कमी. पुढच्यात कधी उलट, कधी थोडंफार फिटून जाई.

सल्लागार कंपनीला कळवलं. उत्तर आलं: स्कीमा (फील्डची ठरलेली रचना) व्हॅलिड आहे, डेटा तपासा. डेटा तपासला, डेटा बरोबर होता. पुन्हा कळवलं. पुन्हा तेच उत्तर, या वेळी तपासणी अहवाल जोडून. त्या अहवालात प्रत्येक तारीख ही खरोखरच तारीख आहे, दहा अक्षरांची आहे आणि रिकामी नाही, एवढं सिद्ध केलेलं होतं. या पत्रव्यवहारात पावसाळ्याचा बराच भाग गेला. बैठक मागितली तर म्हणे, दोन्ही विभागांच्या सह्या झाल्यात, बैठकीचं प्रयोजन काय?

शेवटी मी सल्लागारांचा नाद सोडला आणि काट्यावर जाऊन बसलो. तिथे हंगामात रात्रपाळी करणारे एक मामा आहेत. त्यांना एक जुनी स्लिप दाखवली: रिकाम्या वजनाची (ऊस उतरवून गाडी पुन्हा काट्यावर आल्याची) वेळ रात्री सव्वादोन, आणि तारीख आदल्या दिवसाची. विचारलं, ही चूक कशी झाली? मामा हसले. “चूक कुठली साहेब? चार वाजल्याबिगर आमचा उद्या उगवत न्हाई.”

या कारखान्याच्या पाळ्या चार ते बारा, बारा ते आठ आणि आठ ते चार अशा आहेत. गाळप दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला संपतो. काटा, लॅब, गोडाऊन सगळे त्याच दिवसाने चालतात. वाहतूक विभाग मात्र कॅलेंडरची तारीख धरतो, आणि त्यालाही कारण आहे: ट्रॅक्टरवाल्यांना पंपावर जे डिझेल उचल म्हणून देतात त्याची नोंद कॅलेंडरच्या तारखेने पडते आणि ती त्याच पंधरवड्याच्या बिलातून कापायची असते. म्हणजे दोघांचंही बरोबर. पंधरवडा मात्र १५ तारखेच्या रात्री तुटतो. त्या रात्री बारा ते चारमध्ये रिकाम्या झालेल्या गाड्यांचा ऊस जातो जुन्या पंधरवड्यात आणि वाहतूक नव्या. महिनाअखेरच्या रात्री पुन्हा तेच.

आकडा किरकोळ नाही. दिवसाला ५,००० टन गाळप धरलं तर चार तासांचा ऊस आठशे टनांच्या वर जातो. २०२४-२५ ची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३४० रुपये होती. त्या मूळ दराने एका रात्रीचे अठ्ठावीस लाख रुपये होतात.

मग जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे जुळत कसं होतं? सॉफ्टवेअरमध्ये जुळतच नव्हतं. अकाउंट्समधले एक क्लार्क दर पंधरवड्याला शेवटच्या रात्रीच्या स्लिपा बाजूला काढून पेन्सिलीने खुणा करायचे आणि दोन्ही बिलांच्या बेरजा हाताने ताळ्यावर आणायचे. ते निवृत्त झालेत. आम्ही सॉफ्टवेअरचा ओळनओळ कोड वाचला होता. ते क्लार्क काय करतात हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण पत्रकात क्लार्कची ओळ नव्हती.

इथून पुढे मात्र आणखी गुंता निघाला. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्या तारखेपासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. पोहोचला कधी? ट्रॉली फाटकातून आत आली तेव्हा? भरलेली गाडी काट्यावर चढली तेव्हा? की रिकामी गाडी काट्यावर आली आणि निव्वळ वजन कळलं तेव्हा? हंगामाच्या ऐन भरात गाडी अड्ड्यावर तासन् तास उभी असते, त्यामुळे या तीन वेळा तीन तारखांत पडू शकतात. शेतकी अधिकारी म्हणाले फाटक, अकाउंटंट साहेब म्हणाले स्लिप. हा निर्णय प्रोग्रामरने घ्यायचा नसतो, आणि मी घेतलाही नाही. कार्यकारी संचालकांसमोर दोघांना एकत्र बसवलं तेव्हा चहा संपायच्या आत प्रश्न सुटला: चौदा दिवस सगळ्यात आधीच्या तारखेपासून मोजा, व्याजाचा वादच नको.

त्याप्रमाणे ‘दिनांक’ काढून टाकला. त्या जागी फाटकाची वेळ, भरलेल्या वजनाची वेळ, रिकाम्या वजनाची वेळ, तिन्ही तास-मिनिटांसह, आणि वेगळा ‘गाळप दिवस’. गाळप दिवस फक्त काट्याची सर्व्हिस ठरवते, बाकी कुणी तो स्वतः काढायचा नाही. ऊस आणि वाहतूक यांचा ताळमेळ आता तारखेवर न घेता स्लिप नंबरावर घेतो. नवं पत्रक पाठवलं तर सल्लागारांनी ते परत केलं. शेरा: ‘एकाच माहितीसाठी चार फील्ड, पुनरावृत्ती टाळावी’. कार्यकारी संचालकांच्या सहीचं टिपण जोडलं तेव्हा कुठे मान्य झालं.

हे पाहिल्यावर मला यूडीडीआयची आठवण आली. २००० साली कल्पना अशी होती की सगळ्या सर्व्हिसेसची एक जाहीर यादी असेल आणि प्रोग्राम एकमेकांना आपणहून शोधून जोडून घेतील. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी अशा याद्या चालवल्या आणि जानेवारी २००६ मध्ये बंद केल्या. पुढे २००७ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एसएडब्ल्यूएसडीएल हे मानक आणलं, त्यात फील्डला एखाद्या संकल्पनेचा दुवा जोडता येतो. चांगली सोय आहे. पण रिकाम्या वजनाच्या तारखेला कोणत्या संकल्पनेचा दुवा जोडायचा, हे त्या मामांना विचारल्याशिवाय कोण सांगणार? आमच्याकडेही एका टूलने काट्याचा ‘दिनांक’ आणि वाहतुकीचा ‘दिनांक’ नावावरून जुळवून दिले होते, पूर्ण आत्मविश्वासाने.

उताऱ्याचं राहिलंच. ‘उतारा’ हे फील्डही पत्रकात नुसतं ‘दशांश, ४,२’ असं होतं. फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने एफआरपी दोन टप्प्यांत आणि चालू हंगामाच्या उताऱ्यावर देण्याची मुभा दिली होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. फील्ड तेच, प्रकार तोच, दशांश स्थळंही तीच, पण कोणत्या हंगामाचा उतारा हे बदललं. म्हणून उताऱ्यासोबत हंगाम पाठवा, आणि तो गृहीत धरू नका.

शेतकऱ्याच्या ओळखीबद्दल सगळे घाबरवतात: सातबारा आजोबांचा, ऊस नोंद वडिलांच्या नावावर, सभासद काकू, बँक खातं मुलाचं. मला त्यात काहीच त्रास झाला नाही, कारण शेतकी विभागाने वर्षानुवर्षं नोंद नंबर वेगळा आणि सभासद नंबर वेगळा ठेवलेला आहे. तो मोडून एकच ‘शेतकरी आयडी’ करायचा मोह मात्र आवरा.

चाचणीचा डेटा घेताना १५ च्या आणि महिनाअखेरच्या रात्रीचा आधी घ्या. विभागप्रमुखांच्या आधी रात्रपाळीला भेटा. निवृत्त क्लार्कना फोन करा. आमच्या क्लार्कनी बोलावल्यावर दुसऱ्याच दिवशी जुनी वही आणून दिली आणि मानधनाचा विषय काढू दिला नाही. आणि हे सगळं दसऱ्याच्या आधी उरका, बॉयलर पेटला की कारखान्यात कुणाला बोलायला सवड नसते.

पत्रकात नवा रकाना घालायला सल्लागारांची परवानगी लागते आणि ती मिळत नाही. आम्ही फील्डचा अर्थ ‘शेरा’ रकान्यात लिहायला लागलो. त्याला अक्षरमर्यादा नाही, तपासणीत तो कुणी बघत नाही, आणि सही मात्र त्याच्याही खाली येते.