मोटरसायकलची बॅटरी बदलण्याआधी आणि बदलताना

नवी मुंबईत नेरूळ, सीवूड्स, खारघर किंवा ऐरोलीत राहणाऱ्या अनेकांची मोटरसायकल दिवसातून दोनदाच चालते: सकाळी घरापासून रेल्वे स्थानकाच्या वाहनतळापर्यंत आणि रात्री तिथून परत. अंतर दीड-दोन किलोमीटरचे, त्यातही सिग्नलवर थांबणे आलेच, आणि मधला सारा दिवस गाडी उन्हात उभी असते. बॅटरीच्या दृष्टीने याहून वाईट दिनक्रम शोधून सापडणार नाही, असे माझे मत आहे. त्यामुळे सकाळी सेल्फ मारल्यावर नुसती ‘टकटक’ ऐकू आली की थेट दुकान गाठण्याऐवजी बॅटरी का बसली, हे आधी पाहावे.

थोडा हिशेब मांडतो. इंजिन फिरवताना स्टार्टर मोटर ६० ॲम्पिअर प्रवाह ओढते आणि इंजिन ३ सेकंदांत सुरू होते असे धरले, तर बॅटरीतून जेमतेम ०.०५ ॲम्पिअर-तास इतका विद्युतभार खर्च होतो. तो भरून काढायला १ ॲम्पिअर जादा प्रवाह तीन-चार मिनिटे मिळाला तरी पुरतो. पण हा जादा प्रवाह येतो इंजिन बऱ्या वेगाने फिरत असताना. सिग्नलला थांबलेल्या गाडीचे इंजिन मंद गतीवर असते तेव्हा स्टेटर कॉइल (इंजिनातील वीज बनवणारे वेटोळे) जेवढी वीज तयार करते, तेवढी हेडलाइट, ब्रेकलाइट आणि इंधनपंपच खाऊन टाकतात. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो, आणि एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यापासून बहुतेक गाड्यांमध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले आहे. जुन्या काळातील अनेक गाड्या बॅटरी पूर्ण उतरलेली असतानाही किकने सुरू होत, कारण ठिणगीसाठी लागणारी वीज इंजिनासोबत फिरणाऱ्या मॅग्नेटोकडून थेट मिळत असे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत मात्र बॅटरी मेलेली असेल तर इंधनपंप आणि ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक) जागेच होत नाहीत आणि गाडीला धक्का देऊनही उपयोग होत नाही. म्हणजे बॅटरीवरची जबाबदारी वाढली आहे आणि तिला भरायला मिळणारा वेळ मात्र आपल्या वापरात कमी झाला आहे.

अर्धवट भरलेल्या अवस्थेत बॅटरी फार दिवस राहिली की तिच्या प्लेटवरील लेड सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात आणि मग चार्जर लावूनही ते पूर्ण विरघळत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. उन्हाळ्यात आपोआप होणारा विसर्गही वाढतो. त्यात अलार्म किंवा जीपीएस ट्रॅकर बसवलेला असेल तर गळती आणखी. समजा असे उपकरण सतत २० मिलिॲम्पिअर ओढत असेल, तर दिवसाला जवळपास ०.५ ॲम्पिअर-तास जातात, आणि दिवाळीत गावी जाऊन दहा दिवसांनी परतलेल्या माणसाची ५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी पूर्ण रिकामी झालेली असते. ही गळती मोजता येते: किल्ली बंद करून ऋण टर्मिनलची वायर काढावी, मल्टिमीटर प्रवाह मोजण्याच्या जागी लावून तो वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडावा आणि आकडा वाचावा. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवू नये, सेल्फ तर मुळीच मारू नये. नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो.

साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि तीन मोजमापांत बहुतेक सगळे कळते. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर निरोगी बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली ती अर्धवट भरलेली समजावी आणि १२ च्या आसपास जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना हा आकडा खाली येणारच, पण भरलेली बॅटरीही १० व्होल्टच्या बरीच खाली कोसळत असेल तर ती म्हातारी झाली आहे. तिसरे मोजमाप लोक सहसा घेत नाहीत आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. इंजिन चालू करून, थोडा वेग देऊन टर्मिनलवरचा आकडा पाहावा. तो साधारण १३.८ ते १४.५ मध्ये असायला हवा. १३ च्या आसपासच घुटमळत असेल तर दोष कॉइलमध्ये, व्होल्टेज मर्यादेत ठेवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये किंवा एखाद्या गंजलेल्या सॉकेटमध्ये असू शकतो. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो नव्या बॅटरीलाही उकळवून फुगवणार.

आमच्या सोसायटीतील एका काकांच्या गाडीत नेमके हेच चालले होते. “अरे, नवीन बॅटरी टाकून सहा महिनेही झाले नाहीत, कंपनीच फसवते आहे,” असे ते म्हणत होते. “काका, आधी इंजिन चालू ठेवून मोजूया,” असे म्हणून आम्ही मीटर लावला, तर आकडा १५.६. गॅरेजमधल्या मेकॅनिकने रेग्युलेटर बदलला. बॅटरी मात्र तोपर्यंत बाजूंनी फुगली होती, म्हणून तीही बदलावी लागली. हे मोजमाप पहिल्याच वेळी झाले असते तर एका बॅटरीचे पैसे वाचले असते. बॅटरी विकणाऱ्याने नवीन बॅटरी बसवण्यापूर्वी चार्जिंग तपासून द्यावे, अशी अपेक्षा ग्राहकाने आग्रहाने धरायला हवी.

बॅटरीच जुनी झाली आहे हे नक्की झाले की निवडीचा प्रश्न येतो. गाडीच्या पुस्तिकेत किंवा जुन्या बॅटरीवर तिचा सांकेतिक क्रमांक असतो, उदाहरणार्थ १२एन५-३बी. यात १२ म्हणजे व्होल्ट आणि ५ म्हणजे ॲम्पिअर-तास. वायटीएक्सने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या मालिकेत मात्र आकडा आणि क्षमता तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून क्षमता लेबलवरच वाचावी. दोन बॅटऱ्या आकाराने सारख्या असूनही एकीचे धन टर्मिनल डावीकडे आणि दुसरीचे उजवीकडे असू शकते, आणि वायर ओढूनताणून पोहोचवली तर पुढे ती घासून शॉर्ट होण्याची भीती असते. ‘मोठी टाका, जास्त टिकेल’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तो मला पटत नाही. कॉइल तीच असल्यामुळे बॅटरी मोठी केल्याने चार्जिंग वाढत नाही आणि ट्रेमध्ये घट्ट न बसणारी बॅटरी खड्ड्यांत हादरून प्लेटमधून तुटते. आपल्या हवेत बॅटरीवरील सीसीए (थंडीत इंजिन फिरवण्याची क्षमता) या आकड्याचीही फार चिंता करू नये. तो उणे १८ अंशांवरची ताकद सांगतो आणि आपल्याकडे बॅटरीला मारते ती उष्णता.

प्रकारांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गाडीत मूळची मेंटेनन्स-फ्री बॅटरी असेल तर तीच घ्यावी. डिस्टिल्ड वॉटर घालावी लागणारी बॅटरी स्वस्त पडते, पण तिची पातळी महिनोन्‌महिने पाहिली जात नाही आणि तिच्या नळीतून येणारी आम्लाची वाफ खालचे भाग खाते. लिथियम बॅटरी हलकी असते. तरीही गाडीचा रेग्युलेटर तिला मानवणारा आहे याची खात्री नसेल तर रोजच्या गाडीत ती बसवू नये. एक्साइड घ्यावी की अमरॉन, यापेक्षा उत्पादनाचा महिना कोणता, हे विचारणे मी जास्त महत्त्वाचे मानतो. कपाटात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी विकली जाण्याआधीच सल्फेशनने थकलेली असते. वॉरंटीत किती महिने पूर्ण बदलून मिळते आणि किती महिने केवळ किमतीत सवलत मिळते, हेही वाचून घ्यावे आणि कार्डावर तारखेसह शिक्का घ्यावा.

बसवताना क्रम पाळावा: काढताना आधी ऋण, मग धन; लावताना आधी धन, मग ऋण. चासी ऋण टोकाला जोडलेली असल्यामुळे, ऋण वायर लागलेली असताना धन टर्मिनलवरचा पाना चासीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. टर्मिनलवरचा पांढरट-हिरवट थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसावा, पूर्ण कोरडे करावे, बोल्ट घट्ट करून वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. खाडीकाठच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हा हात फार उपयोगी पडतो. नवीन बॅटरी पूर्ण भरलेली नसेल तर दुकानदाराला ती क्षमतेच्या एक-दशांश प्रवाहावर चार्ज करून द्यायला सांगावे; ५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला अर्धा ॲम्पिअर. मोटारीच्या चार्जरवर घाईघाईने भरलेली छोटी बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते.

जुनी बॅटरी घरी ठेवू नये आणि फेरीवाल्या भंगारवाल्यालाही देऊ नये. तिच्यातील शिसे आणि आम्ल उघड्यावर फोडून काढले की ते मातीत आणि नाल्यात उतरते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि विक्रेते जुन्या बॅटरीच्या बदल्यात किंमत कमी करून देतात, तेव्हा ती दुकानातच द्यावी व पावतीवर तशी नोंद करून घ्यावी.

ज्यांची गाडी केवळ स्थानकापर्यंत जाते, त्यांनी आठवड्यातून एकदा तरी ती पाम बीच रस्त्याने किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याने अर्धा तास सलग चालवावी. तेवढी सवड मिळत नसेल तर आपोआप थांबणारा छोटा चार्जर घ्यावा आणि दर पंधरवड्याला रात्रभर लावावा.