‘आज निर्णय देता येत नाही’ : नागरिकत्वाच्या प्रतीक्षेतले 141 दिवस

अमेरिकेच्या नागरिकत्वासाठीची माझी मुलाखत वीस मिनिटांत आटोपली. अमेरिकेचा इतिहास आणि राज्यव्यवस्था यांवरच्या दहा प्रश्नांपैकी सहा बरोबर आले की पुरे असत; माझी पहिली सहाही उत्तरे बरोबर आल्यामुळे उरलेले चार विचारलेच गेले नाहीत. मी इंग्रजीतले एक वाक्य वाचून दाखवले, एक लिहून दाखवले, आणि मग अधिकाऱ्याने एक कागद माझ्यासमोर सरकवला. परीक्षा उत्तीर्ण झाल्याच्या चौकटीत खूण होती. त्याच कागदावर थोडे खाली, अर्जावर आज निर्णय देता येत नाही, या चौकटीतही खूण होती. मी कारण विचारले तेव्हा ग्रीन कार्डाच्या वेळची जुनी फाईल या कार्यालयात आलेली नाही, एवढेच कळले. ती यायला 141 दिवस लागले आणि त्या दिवसांचा राग अजून पुरता निवलेला नाही.

त्याआधीचे फारसे सांगण्यासारखे नाही. अर्ज ऑनलाइन भरला, बोटांचे ठसे दिले. वेळ गेला तो फक्त पाच वर्षांतल्या परदेश प्रवासांच्या यादीत. भारतीय पासपोर्टावरच्या शिक्क्यात मुंबईला उतरल्याची तारीख असते, अर्जात मात्र अमेरिका सोडल्याची तारीख लागते, आणि या दोहोंत एका दिवसाचा, कधी दोन दिवसांचा फरक पडतो. कॅनडाला मोटारीने गेलो होतो त्या वेळचा शिक्काच नव्हता. ती तारीख अखेर हॉटेलच्या बिलावरून सापडली. अशी यादी ग्रीन कार्ड मिळाल्याच्या दिवसापासूनच लिहीत जावी.

मुलाखतीनंतर मात्र हातात काहीच उरले नाही. रोज सकाळी अर्जाची स्थिती पाहायची आणि तेच वाक्य वाचायचे. मदतवाहिनीवर फोन केला की प्रकरण विचाराधीन असल्याचे सांगून फोन ठेवला जाई. फाईल कुठे आहे, ती कोणी मागवली आहे की नाही, याचे उत्तर एकदाही मिळाले नाही. मनुष्य परीक्षेत नापास झाला तर त्याला निदान पुढची तारीख मिळते. उत्तीर्ण होऊन ताटकळणाऱ्याला तीही मिळत नाही, ही गोष्ट मला फार लागली.

त्या रिकाम्या दिवसांत मी परीक्षेसाठी नव्हे तर स्वतःसाठी नागरिकत्वाच्या कायद्यांचा इतिहास वाचू लागलो. मी भरलेल्या अर्जातील एकेक प्रश्न कुठल्या काळातून आला आहे, ते तेव्हा उमगले. पाच वर्षांच्या वास्तव्याची अट 1795 च्या कायद्यातली. 1798 मध्ये ती चौदा वर्षांवर नेली होती आणि 1802 मध्ये पुन्हा पाचावर आणली गेली. बहुपत्नीत्वाच्या प्रश्नामागे 1906 चा कायदा आहे, आणि इंग्रजी बोलता येण्याची अटही त्याच कायद्याने घातली. कम्युनिस्ट पक्षाविषयीचा प्रश्न शीतयुद्धाच्या भयातून आला. त्या त्या पिढीला ज्याची धास्ती वाटली, ते अर्जात उतरले आणि बहुतेक वेळा तिथेच राहिले.

सर्वांत जुनी धास्ती मात्र वर्णाची होती. 1790 च्या पहिल्याच कायद्याने नागरिकत्वाचे दार केवळ ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’साठी उघडले, 1870 मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, आशियाई बाहेरच राहिले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंड यांना 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सामान्य माणसाच्या समजुतीनुसार तुम्ही गोरे नाही, असे सांगून नागरिकत्व नाकारले, आणि त्या निकालाच्या आधारे आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः 1914 पासून नागरिक होते. सरकार त्यांच्याही मागे लागले. त्या नागरिकत्वाच्या भरवशावर आपण वकिली उभारली, घर घेतले, विवाह केला, असे त्यांनी न्यायालयात मांडले आणि 1926 मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले. हे प्रकरण मी दोन रात्री वाचत होतो. भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क 1946 मध्ये मिळाला, तोही वर्षाला केवळ 100 जणांना देशात येऊ देणाऱ्या कोट्यासह. वर्णाची अट 1952 मध्ये सरसकट गेली, आणि 1965 च्या कायद्याने देशनिहाय कोटे रद्द केले तेव्हा कुठे आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने इकडे येऊ शकले. माझ्या फाईलला मुळात फाईल म्हणून अस्तित्व मिळाले ते थिंड, पंडित यांच्यासारख्या लोकांमुळे, हे कळल्यावर माझी वाट पाहणे सुसह्य झाले असे नाही, पण कार्यालयाला पत्र लिहिण्याचे धैर्य आले.

कारण कायदाही अर्जदाराच्या बाजूने आहे. मुलाखतीनंतर 120 दिवसांत निर्णय झाला नाही, तर संघीय जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. 121 व्या दिवशी मी या तरतुदीचा उल्लेख करून साधे, सभ्य पत्र पाठवले. त्यामुळेच फाईल हलली की योगायोगाने, ते सांगता येणार नाही. पण वीस दिवसांनी शपथविधीचे बोलावणे आले आणि जीव भांड्यात पडला.

आधी सांगायचे राहिले : 20 ऑक्टोबर 2025 पासून अर्ज करणाऱ्यांसाठी परीक्षा बदलली आहे; 100 ऐवजी 128 प्रश्नांची यादी असून 20 पैकी 12 उत्तरे बरोबर यावी लागतात. मुलाखत आणि शपथ यांच्या दरम्यान परदेशी गेलात तर बोलावण्यासोबतच्या प्रश्नावलीत ते लिहावे लागते. शपथेनंतर भारतीय नागरिकत्व आपोआप संपते, त्यामुळे जुन्या पासपोर्टावर भारताचे तिकीट काढून ठेवू नका.

शपथेच्या दिवशी दारातच ग्रीन कार्ड काढून घेतात. इतकी वर्षे पाकिटात जपलेले ते कार्ड टेबलावरच्या ढिगात पडताना पाहून क्षणभर हात रिकामा वाटला. परकीय राजे आणि सत्ताधीश यांच्यावरील निष्ठा सोडण्याचे शपथेतले शब्दही 1795 चेच आहेत. ते म्हणताना माझा आवाज कापला. प्रमाणपत्र मिळाल्यावर सभागृहातून बाहेर पडण्याआधी नाव, जन्मतारीख आणि पूर्वीचे राष्ट्रीयत्व नीट तपासावे, कारण नंतरच्या दुरुस्तीला वेगळा अर्ज आणि वेगळी प्रतीक्षा लागते. मी माझे तीन वेळा वाचले, आणि तिसऱ्यांदा ‘भारत’ या शब्दापाशी बराच वेळ थांबलो.