आमची वाटचाल : डेऱ्यापासून बरणीपर्यंत

धंदा करायचा असं ठरवून काही बसलो नव्हतो. घरी म्हशी, सासूबाई पहाटे घुसळायच्या, शेजारपाजारचे लोणी मागून न्यायचे (ताकाला जाऊन भांडं लपवणारेही होतेच), मग एकीनेच सांगितलं पैसे घ्या हो, फुकट मागायला लाज वाटते, आणि तिथून ऑर्डरी सुरू झाल्या.

सासूबाईंचे नियम कडक. पहिलं बोटभर लोणी बाळकृष्णाला, त्याआधी चाखायचं नाही. घुसळताना परकं कुणी डेऱ्यात डोकावलं आणि लोणी आलं नाही की दृष्ट लागली, मग मीठमिरच्या ओवाळून चुलीत. मी कंटाळले की समुद्रमंथन काढायच्या, मंदार पर्वताची रवी, वासुकीची दोरी, एवढं करून देवांनापण आधी विषच मिळालं, तुझे हात एवढ्यात दुखले?

ऑर्डरी वाढल्यावर मी थर्मामीटर आणला. दही साधारण 10 ते 15 डिग्रीला असलं की लोणी नीट येतं. थंडीत दही फारच गार पडतं, त्यातला फॅट कडक होतो, कण एकमेकांना धरतच नाहीत, तेव्हा थोडं कोमट पाणी. उन्हाळ्यात उलटं, लोणी मऊ होऊन ताकातच फिरत राहतं, म्हणून बर्फाचं पाणी. सासूबाई हे नुसतं बोट बुडवून सांगायच्या! आणि आवाजावरून. आधी पातळ खळखळ, मग रवी जड होते, आवाज बसतो, दांड्याला रव्यासारखे कण दिसायला लागतात, तिथे थांबायचं आणि गार पाणी मारून गोळा वर काढायचा.

आता रवीला मोटर आहे. हल्ली लेबलवर बिलोना (म्हणजे दही रवीने घुसळून काढलेल्या लोण्याचं तूप) छापलं की भाव डबल, पण खरं सांगू का, तुपाचा वास विरजणात आणि कढवण्यात असतो, रवी कोण फिरवतंय यात नाही. बेरी बदामी झाली की गॅस बंद, एक मिनिट उशीर झाला तरी करपट लागतं.

एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचं) रजिस्ट्रेशन घेतलं, 22 सप्टेंबर 2025 पासून लोणी-तुपावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला तेव्हा सगळी लेबलं परत छापली, कुरियरवाल्याशी भांडणं वेगळीच. म्हशीचं तूप पांढरट का असं रोज कुणीतरी विचारतं, अहो गाईच्या दुधात कॅरोटीन उतरतं म्हणून ते पिवळं, म्हशीच्यात नाही, भेसळ नाहीये!

ताक अजून विकत नाही, सासूबाई विकू देत नाहीत. भांडं घेऊन या, लपवू नका. लोण्याची ऑर्डर मात्र आदल्या दिवशी द्या, विरजण लावावं लागतं.