धडगावच्या पुढे, नर्मदेच्या बाजूला

नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावला पोचलं की माणसाला वाटतं, झाला सातपुडा बघून. 2021 च्या सप्टेंबरात याच घाटात दरड कोसळून रस्ता बंद पडला होता आणि एक नवरा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन पायी निघाला होता. ती वाचली नाही. बातमी तेव्हा वाचली होती, हळहळही वाटली होती. पण ती वळणं डोळ्यांनी बघितल्यावर ‘पायी’ म्हणजे काय ते कळतं. आणि हा तर तालुक्याला जाणारा चांगला रस्ता!

मला जायचं होतं आणखी आत, बिलगावच्या पलीकडे नर्मदेकाठच्या एका पाड्यावर. तिथल्या शाळेवर मित्र शिकवतो. त्याने सांगितलेलं वेळापत्रक सोपं होतं: क्रूझर जीप भरली की निघते.

भरायला दुपार झाली. टपावर आधी पत्रे, मग खताच्या गोण्या, तेलाचे डबे, सोलरची बॅटरी, त्यावर चार पोरं. आत किती माणसं होती ते मोजायच्या भानगडीत पडलो नाही. कोणत्या गावाला काय मिळत नाही हे समजून घ्यायचं असेल तर तिकडे जाणाऱ्या गाडीचा टप बघावा.

डांबर संपलं तसं ड्रायव्हरने गाणी बंद केली. पुढे नुसता मुरूम आणि बोडके धोंडे. पावसाळ्यात डोंगराचं पाणी मोरी शोधत बसत नाही, रस्त्यालाच ओढा करून उतरतं. मुरूम वाहून जातो, खडक उरतो. दर वर्षी तेच. एका चढावर गाडी दमली आणि मागे सरकू लागली. क्लीनर उडी मारून खाली. त्याच्या पायाशी आधीच ठेवलेला, एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेला दगड होता. तो त्याने मागच्या चाकाला लावला. “उतरा दादा, फक्त म्हाताऱ्या बसू द्या.” आम्ही उतरलो. गाडी हातभर चढली की दगड हातभर पुढे, असं करत माथा आला. कोणी ओरडलं नाही, कोणी देवाचं नाव घेतलं नाही. रोजचंच असावं.

माथ्यावरून नर्मदा दिसली. महाराष्ट्राच्या वाट्याला ही नदी 54 किलोमीटर येते, तीही हद्द म्हणून; पलीकडे मध्य प्रदेश, खाली गुजरात. सरदार सरोवराने तिचा तलाव केला. आपल्याकडची 33 गावं त्या पाण्याखाली आली. डोंगराचे सुळके पाण्यातून बेटांसारखे वर आलेले दिसतात. छान दिसतात, हेच जरा खटकतं. काठच्या काही पाड्यांना आजही रस्त्यापेक्षा बोट जवळची, दवाखानासुद्धा तरंगता.

पाडा म्हणजे एकमेकांपासून लांब लांब, आपापल्या शेतात बसलेली घरं. एप्रिल अखेर होती, घरोघर आमचुराचं काम. बायका कैरी सोलून तिच्या फोडी करत होत्या आणि खळ्यावर पसरत होत्या. फोड पांढरी राहिली तर भाव. अवकाळी पावसाचा शिंतोडा पडला की काळी पडते आणि व्यापारी नाक मुरडतो. व्यापाऱ्याची गाडी इथपर्यंत येत नाही, त्यामुळे पोतं डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणि तिथून क्रूझरने धडगावच्या बाजारात. “माल तिथवर नेला की परत कोण आणणार? देईल तो भाव घ्यायचा,” मित्राच्या शेजारची आजी म्हणाली. तिचं निम्मं बोलणं पावरी बोलीत होतं, मित्राने समजावलं.

असल्या जागी रस्ता नकोच, निसर्ग बिघडतो, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी एकदा हे पोतं उचलून बघावं. डोंगर कसाही कापून रुंद हायवे करा असं मी म्हणत नाही, पण चार पक्क्या मोऱ्या, चढावर काँक्रीट आणि ओढ्यावर फरशी पूल एवढ्याने सातपुडा काही बुडत नाही.

परतीची गाडी पहाटे होती. पुढची सीट तापाने फणफणलेल्या एका म्हाताऱ्याला दिली होती, म्हणून मी टपावर, आमचुराच्या पोत्यांवर बसलो. क्लीनरने वर चढताना एकच सूचना केली: “फांदी आली की मी सांगणार नाही सर, तुम्हीच वाका.”