तुम्ही विचारलंत म्हणून: टेसचं चुकलं कुठे?

"मॅडम, टेसचं चुकलं कुठे?" हा प्रश्न मला वर्गात विचारला गेला, वाचन मंडळात विचारला गेला आणि एकदा लग्नाच्या मांडवात, पंगत उठता उठता, एका जुन्या विद्यार्थिनीने हात धरून विचारला. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आयुष्यभर इंग्रजी साहित्य शिकवलं. शिकवलेलं बाकीचं मुली विसरतात, टेस विसरत नाहीत. तुम्हीही परवा तेच विचारलंत, तेव्हा एकदा बैजवार लिहूनच काढते.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. थॉमस हार्डीची 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' १८९१ साली आली. दक्षिण इंग्लंडातल्या मार्लट या खेड्यातली टेस ही गरीब घरातली थोरली लेक. घरचा घोडा मरतो, म्हणून तिला एका श्रीमंत घरी कामाला धाडतात. त्या घरचा मुलगा ॲलेक तिची अब्रू लुटतो. बाळ होतं, ते जगत नाही. पुढे दूधदुभत्याच्या एका मळ्यावर एंजल क्लेअर नावाचा पाद्र्याचा मुलगा तिच्यावर जीव लावतो. लग्न होतं, आणि लग्नाच्या रात्रीच तिने आपलं सगळं सांगितल्यावर तो तिला सोडून ब्राझीलला निघून जातो. फार हाल सोसून ती शेवटी पुन्हा ॲलेकच्या हाती सापडते. एंजल परत येतो, तोवर उशीर झालेला असतो. ती ॲलेकला मारते आणि फासावर जाते.

गाइडात याचं उत्तर 'नियती' असं असतं. हार्डीनेच शेवटच्या पानावर देवांनी टेसशी चालवलेला खेळ संपला अशा अर्थाचं वाक्य लिहून ठेवलंय, त्यामुळे गाइडवाल्यांचं काम सोपं झालं. कादंबरीत योगायोगही खूप आहेत, आणि टीकाकारांनी हार्डीला त्यावरून बरंच बोलून घेतलंय. मला मात्र हे उत्तर कधीच पटलं नाही. योगायोग कुणाच्या आयुष्यात नसतात? तोच फटका एका घराला नुसता चाटून जातो आणि दुसऱ्या घराची थोरली मुलगी घेऊन जातो. तो फरक कशाने पडतो, ते हार्डीने पानापानावर दाखवलंय. नियती म्हटलं की ते बघायचं राहून जातं.

घोड्याचंच घ्या. टेसचा बाप जॉन डर्बीफील्ड हा किरकोळ मालाची ने-आण करून पोट भरणारा माणूस. एक पाद्री त्याला रस्त्यात सहज सांगतो, की बाबा, तू डर्बरव्हिल या जुन्या सरदार घराण्याचा वंशज आहेस. त्या आनंदात बाप रात्री पिऊन पडतो. मधमाश्यांची पोळी २०-३० मैलांवरच्या बाजाराला पहाटेच्या आत निघायला हवीत, आणि बापाला उठून बसणंही होत नाही. मग टेस धाकट्या भावाला घेऊन मध्यरात्रीनंतर गाडी हाकत निघते. दिवसभराची थकलेली पोर, तिचा डोळा लागतो. कंदील विझतो, गाडी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला जाते, आणि समोरून भरधाव येणाऱ्या टपालगाडीचा दांडा प्रिन्स घोड्याच्या छातीत घुसतो. टेस खाली उडी मारून त्या जखमेवर आपला हात दाबून धरते. रक्त थांबत नाही.

खाटीक प्रिन्सचे थोडेच शिलिंग देणार असतो. बाप म्हणतो, याने आमची सेवा केली, मी याला विकणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी तो घोड्यासाठी खड्डा खणतो. घरच्यांसाठी पीक काढायला महिनोन् महिने त्याने जेवढे कष्ट केले नव्हते, तेवढे त्या एका दिवसात केले, असं हार्डी लिहितो. हे वाक्य वाचताना माझ्या वर्गात कधी कुणी हसलं नाही. पोळ्याला ज्याच्या पायावर पाणी घातलं त्या बैलाला बांधावर पुरणारी माणसं या मुलांनी घरात बघितलेली असतात.

एका मुलीच्या घरी दिवाळीच्या तोंडावर जोडीतला एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. घर ऊसतोडीला जाणारं. गाडी कारखान्याची असली तरी बैल स्वतःचे लागतात. बापाने मुकादमाकडून उचल वाढवून घेतली आणि नवा बैल घेतला. उचल वाढली तसे फेडायला हात जास्त लागले. थोरली म्हणून ती फडावर गेली, त्या वर्षीची तिची परीक्षा राहिली. पुढच्या वर्षी वर्गात प्रिन्सचा प्रसंग झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "मॅडम, त्यायच्याकडं दुसरा घोडा नव्हता का?"

माझं उत्तर त्या प्रश्नात आहे. दुसरा घोडा नव्हता. तो असता तर टेसच्या डुलकीची किंमत चार शिव्या आणि एक बुडालेला बाजार एवढीच राहिली असती. नव्हता, म्हणून आई जोन म्हणते, की त्या श्रीमंत डर्बरव्हिलांकडे जा, ते आपले भाऊबंद, काहीतरी करतील. खरं तर ते भाऊबंद नव्हतेच. स्टोक नावाच्या पैसेवाल्याने ते आडनाव नुसतं उचललं होतं. टेसला जायचं नसतं. ती आधी दुसरीकडे काम शोधून बघते. शेवटी म्हणते, घोडा माझ्या हातून मेला, तेव्हा मलाच काहीतरी करायला हवं. हुशार मुलगी होती ती, गावच्या शाळेत शिकलेली, तिला शिक्षिका व्हायचं होतं. ती ओळख पुस्तकात ओझरती येते आणि पुन्हा डोकं वर काढत नाही.

ॲलेकने त्या रात्री जंगलात काय केलं यावर वाद घालायला लोकांना आवडतं. मी वर्गात त्या आधीच्या दोन ओळींवर थांबते. तो तिला सांगतो, तुझ्या वडिलांना आज नवीन घोडा मिळाला, आणि भावंडांना खेळणी. कुणी दिलं हे तिने ओळखायचं. दिलं नसतंत तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं ती पुटपुटते, पण 'नको, परत घ्या' म्हणणार कोणत्या तोंडाने? घरी दावणीला घोडा बांधून झालेला असतो. हाच ॲलेक. अंगाला हात लावायच्या आधी तो घराला हात लावतो. कादंबरीच्या शेवटाकडेही तो नेमकं हेच करतो.

घरी परतल्यावर टेस आईला विचारते, की पुरुषांपासून धोका असतो हे मला का नाही सांगितलंस? मोठ्या घरच्या बायका कादंबऱ्या वाचतात, त्यांना असली कारस्थानं आधीच ठाऊक असतात. मला ते कळायला वाटच कुठे होती? मला हा प्रश्न पुऱ्या पुस्तकात सगळ्यात जास्त टोचतो. आणि हीच आई पुढे लग्नाच्या वेळी पत्र पाठवते, की झालेल्या गोष्टीची वाच्यता नवऱ्याजवळ अजिबात करू नकोस. आधी बोलायचं ते बोलली नाही, आणि आता म्हणते बोलू नको. जोनला दुष्ट म्हणायचं माझ्या जिवावर येतं. तिलाही तिच्या आईने एवढंच शिकवलं असणार.

चिठ्ठीचं तर तुम्ही सगळेच विचारता. लग्नाआधी टेस चार पानी चिठ्ठीत सगळं लिहून एंजलच्या दाराखालून सरकवते, आणि ती आत सतरंजीखाली जाते. "सतरंजी नसती तर?" नसती तरी मला नाही वाटत फार फरक पडला असता. त्याआधी ती किती वेळा सांगायला गेली ते मोजा. दर वेळी एंजलने तिला थांबवलंय. लग्नाच्या दिवशी चिठ्ठी तशीच सापडल्यावर ती शेवटचं सांगू बघते, तेव्हाही तो म्हणतो, चुका काय त्या नंतर सांगू एकमेकांना. त्याला गवळ्याच्या मळ्यावरची एक निष्पाप रानमुलगी हवी होती, आणि त्या चित्राला तडा जाईल असं काहीही ऐकायची त्याची तयारी नव्हती. चिठ्ठी त्याच्या हातात पडली असती तर त्याने तेच केलं असतं जे नंतर केलं, फक्त लग्नाआधी.

नंतर काय केलं? ३१ डिसेंबरला लग्न झालं. रात्री चुलीपाशी बसून आधी त्याने आपलं सांगितलं: लंडनमध्ये एका अनोळखी बाईबरोबर दोन दिवस घालवले होते. टेसने त्याला आनंदाने माफ केलं, आपलंही आता माफ होणार म्हणून तिचा जीव हलका झाला. मग तिने तिचं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, की मी जिच्यावर प्रेम करत होतो ती तू नव्हेस, ती तुझ्या रूपातली दुसरीच कुणी होती. तिच्या गोष्टीत तिचा अपराध नव्हता, त्याच्या गोष्टीत त्याचा होता, आणि शिक्षा तिला झाली. मुली ॲलेकपेक्षा एंजलवर जास्त चिडतात. मला त्यांचं बरोबर वाटतं. ॲलेककडून तिने काही अपेक्षाच केली नव्हती.

हार्डीने पुस्तकाच्या नावाखाली टेसला 'शुद्ध स्त्री' म्हटलं आणि त्या काळचे कितीतरी वाचक बिथरले. मासिकवाल्यांना आधीच धास्ती होती. साप्ताहिकात क्रमशः छापताना जंगलातली रात्र काढून तिथे खोट्या लग्नाची फसवणूक घालावी लागली होती. फसवलेली विवाहिता चालत होती. लुटली गेलेली कुमारिका चालत नव्हती.

आता टाकून दिल्यानंतरचं. बहुतेक वाचक हा भाग भरभर उलटतात, आणि मला तर नाशाची खरी कारणं इथे ढिगाने दिसतात. एंजल तिच्याजवळ ५० पाउंड ठेवून जातो. त्यातले निम्मे ती आईच्या हातावर ठेवते. पुढे आणखी ३० येतात, तोच आईचं पत्र येतं की छप्पर गळतंय, आणि ती त्यातले २० धाडून देते. मग हिवाळ्यात फ्लिंटकूम-ॲश नावाच्या खडकाळ माळावर सलगम उपटायला जाते. मळणी यंत्र येतं तेव्हा मालक तिला यंत्रावर उभं करतो, पेंढ्या सोडून द्यायला, दिवस उगवल्यापासून अंधार पडेपर्यंत. यंत्र थांबत नाही म्हणून तिचे हात थांबत नाहीत. या कामाला बहुधा बाईच ठेवत, काहीतरी पैशाचं कारण असावं, एवढं हार्डी जाता जाता सांगतो. त्या यंत्राजवळच ॲलेक पुन्हा येऊन उभा राहतो, आणि त्या दिवशी तरी ती त्याच्या तोंडावर कातडी हातमोजा मारू शकते.

मग बाप मरतो. घराचा पट्टा तीन माणसांच्या हयातीपुरता होता, आणि त्या तिघांतला शेवटचा जॉन. तो गेला आणि घर गेलं. तिथली जमीन खंडाने कसणाऱ्या शेतकऱ्याला ते आपल्या मजुरांसाठी हवं होतं. ६ एप्रिलला, जुन्या पंचांगातल्या लेडी डे या सणाला, तिकडे शेतमजुरांची सालं बदलत. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल संपतं, नवा मालक धरतात, भांडीकुंडी गाडीवर चढतात, तसंच, ऋतूही तोच. डर्बीफील्ड कुटुंब किंग्जबिअरला पोचतं तर ठरवलेल्या खोल्या दुसऱ्याला गेलेल्या. रात्र पडायला आलेली. बाप ज्या घराण्याच्या नावाने पिऊन पडला होता, त्या डर्बरव्हिलांच्या थडग्यांच्या देवळापाशी, भिंतीला लागून, आई पलंग मांडते आणि पोरांना झोपवते. भावंडांना छप्पर देतो म्हणणारा एकच माणूस उरला होता. तो कोण हे सांगायला नको.

म्हणजे टेसचा काहीच दोष नाही का, असं तुम्ही पुढे विचारणार हे मला ठाऊक आहे. माझ्यापेक्षा हार्डीचंच ऐका. लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा ती एका रविवारी १५ मैल चालून सासऱ्याच्या गावी, एमिन्स्टरला जाते. सासऱ्याला कधी भेटलेली नाही. नवऱ्याचा ठावठिकाणा विचारायचा आणि जमलं तर मदत मागायची, असं मनात असतं. चिखलाचे जाडे बूट ती गावाबाहेर कुंपणात लपवते आणि चांगले घालते. दारावर घंटा वाजवते, घरात कुणी नसतं, सगळे प्रार्थनेला गेलेले. मग रस्त्यात तिला दोन दिरांचं बोलणं कानावर पडतं: एंजलने कसलं हे लग्न करून ठेवलं! लपवलेले बूटही त्यांना सापडतात, आणि बरोबरची बाई ते कुणा गरिबाला द्यायला घेऊन जाते. टेस माघारी फिरते. हार्डी इथे स्वतः सांगतो, की मुलांवरून बापाची परीक्षा करणं हेच तिचं सगळ्यात मोठं दुर्दैव ठरलं. म्हातारा क्लेअर कर्मठ होता, पण पार बुडालेल्या माणसापुढे तो विरघळायचा. तिने त्याला गाठलं असतं तर त्याने तिला पदराखाली घेतलं असतं.

तेव्हा हवं असेल तर हे तिच्या नावावर मांडा: तिने सासरच्या दारात थांबून हात पसरला नाही. माहेरी सगळ्यांसाठी राबलेल्या, स्वतःसाठी कधी काही न मागितलेल्या मुलीला मागता आलं नाही. आपल्याकडच्या किती जणींना येतं, ते तुम्हीच सांगा. मी तिच्या नावावर एवढंही मांडत नाही. परतीच्या त्याच वाटेवर एका कोठारात प्रवचन चाललेलं तिने ऐकलं, आणि आत बघितलं तर प्रवचनकार ॲलेक होता.