वस्तीची गाडी

जतच्या पूर्व भागातल्या एका गावात तीन रात्री काढून गेल्या आठवड्यात सांगलीला परत आलो. काम नेहमीचंच, विकास सोसायटीचं, म्हणजे गावच्या शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचं ऑडिट. ३१ मार्चला वर्ष संपलं की चार महिन्यांत ते उरकावं लागतं, त्यामुळे ऐन जुलैत आमची जमात पाऊस झेलत गावोगाव हिंडत असते. म्हणजे शिराळ्याकडे गेलं तर झेलत. जतकडे नुसता बघत. ढग सांगलीवरून येतात, डोक्यावरून पळतात आणि विजापूरच्या दिशेनं निघून जातात. खाली उरतो तो वारा, पवनचक्क्या फिरवणारा आणि चहाच्या कपात माती घालणारा.

जत हा आमच्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा तालुका. सांगलीहून जत गाठेपर्यंतच अर्धा दिवस जातो आणि माझं ऑडिटचं गाव तर तिथून पुढं, उमदीच्या बाजूला. रेल्वेच्या नकाशात 'जत रोड' नावाचं एक स्टेशन आहे खरं, पण त्यातला 'रोड' हा शब्द नीट वाचावा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नुसता 'जत' वाचून तिथं उतरलो होतो. उरलेला सगळा दिवस रोड बघण्यात गेला. तेव्हापासून एसटी.

या गावाला जाणारी शेवटची गाडी वस्तीची. संध्याकाळी जतच्या स्टँडवरून सुटते, रात्री आठच्या सुमारास गावात पोचते, देवळापुढच्या लिंबाखाली रात्रभर उभी राहते आणि सकाळी सहाला परत निघते. कंडक्टरनं विचारलं, "पावणं, रिटर्न हाय का वस्तीला?" वस्तीला, म्हटलं. "मग आमच्यातलंच की!" असं म्हणून त्यानं मला पुढची खिडकी दिली.

वस्ती हा शब्द मला आधीपासूनच गमतीचा वाटत आलाय. एक रात्र राहिलं तरी वस्ती आणि जन्मभर राहिलं तरी वस्तीच. पाहुणा वस्तीला येतो. रानात घर बांधून तीन पिढ्या राहिलेल्यांच्या जागेलाही वस्तीच म्हणतात. पत्त्यातही तेच, मु. पो. अमुक. चारशे वर्षं एका गावात नांदलेलं घराणं टपालखात्याच्या लेखी अजून मुक्कामालाच आहे. आम्ही शहरातले तेवढे फ्लॅट नंबर लिहितो, जसा काही सातबारा वर देवाकडं नोंदवून आलोय. मी तर राहतो सांगलीच्या गावभागात, म्हणजे मला हे मुळीच शोभत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा फ्लॅट नंबर जागच्या जागी होता आणि आम्ही विश्रामबागेत मेव्हण्याकडं वस्तीला.

असो. माझी झोपायची सोय सोसायटीच्या ऑफिसातच होती. टेबल भिंतीला सरकवून गटसचिवांनी सतरंजी अंथरली, वर एक नवी कोरी चादर. डाव्या हाताला तिजोरी, उजव्या हाताला खतांची पोती. युरियाच्या वासात झोप लागते हे मी अनुभवानं सांगतो. नऊच्या सुमारास दारावर टकटक झाली. बघतो तर कंडक्टर, हातात तिकिटाचं मशीन. "साहेब, चार्जिंगला लावू का? ग्रामपंचायतीत लाईट न्हाई." त्याच्या मागं ड्रायव्हर, हातात डबा. मशीन चार्ज होईस्तोवर ते दोघं पायरीवर बसले आणि मीही.

त्या तीन रात्री आमचं तिघांचं एक कुटुंबच झालं म्हणायचं. शेजारच्या घरातून एक आजी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवायच्या, ड्रायव्हरच्या डब्यात मटकीची उसळ असायची, माझ्याकडं सांगलीचं भडंग. आजींचं बोलणं निम्मं कानडी. "ऊटा आतेन्री?" एवढं मला दुसऱ्या दिवसापासून कळायला लागलं. जेवलात का, म्हणून. "आत्री" म्हणायचं, म्हणजे झालं. जेवण झालेलं असो वा नसो, त्या भाकरी आणायच्याच.

ड्रायव्हर तासगावकडचा. महिन्यातल्या किती रात्री घराबाहेर जातात, ते त्यानं मोजायचंच सोडलेलं. "आधी आम्ही टपावर झोपायचो," तो म्हणाला, "आता गाडीतच मच्छरदाणी बांधतो. वय झालं, शिडी चढवत न्हाई." कंडक्टर पैशाची बॅग उशाला घेतो. मला ऑडिटर म्हणून हे बघवेना. हातची शिल्लक रात्री कुठं ठेवायची याचे आमच्याकडं नियम असतात. मी तिजोरीकडं बोट दाखवलं. तो हसला. "साहेब, ही सोसायटीची. सोसायटीचा पैसा आणि म्हामंडळाचा पैसा एका तिजोरीत ठिवला तर उद्या तुम्हीच शेरा माराल." बरोबर होतं. मारलाच असता.

दिवसाचं काम सांगण्यासारखं फारसं नाही. रोजकीर्द, खतावणी, पावत्या. तेरीज, म्हणजे जमा-नावेच्या बेरजांचा ताळा, मात्र २७ रुपयांनी जुळेना. गटसचिव हवालदिल झाले. "साहेब, २७ रुपये मी खिशातनं भरतो." खिशातनं भरून तेरीज जुळत नाही, हे त्यांना पटवण्यात अर्धा तास गेला. मग आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. फरकाला नवानं भाग गेला की बहुतेक वेळा कुठंतरी शेजारचे दोन आकडे उलटे पडलेले असतात. सत्तावीसला भाग जातो. दुपारी तीनला सापडलं, १,३८५ च्या जागी १,३५८. गटसचिवांनी आनंदानं दुसऱ्यांदा चहा मागवला. त्यात साखर इतकी, की एवढा मान मला सासुरवाडीलाही मिळालेला नाही.

संध्याकाळी पायरीवर बोलणं पाण्याचंच. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगितला, तेव्हा चार दिवस या भागाचं नाव टीव्हीवर होतं. नंतर टीव्ही गेला, पाण्याचा विषय राहिला. म्हैसाळला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं वर आणायचं, एवढं गणित इथल्या शाळेतल्या पोरालाही येतं. त्याच वेळी घरून बायकोचा फोन. "पुलाखाली तीस फूट झालंय. कोयनेतनं सोडलं तर चढेल. खालच्या कपाटातलं माळ्यावर टाकू का?" चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे सांगलीकराला पाढ्यासारखं पाठ. थांब, म्हटलं, अजून दहा फूट आहेत. फोन ठेवला तर समोर एकजण विचारत होता, "साहेब, तुमच्याकडं नदीला पाणी लय हाय म्हणं?" होय म्हणायलाही ओशाळल्यासारखं झालं. एकाच नदीची आम्हाला ती कधी उतरेल ही काळजी आणि यांना ती कधी चढून इथवर येईल ही.

चौथ्या दिवशी सकाळी सहाच्या गाडीनं निघालो. वस्तीच्या गाडीचं सकाळचं रूप वेगळं असतं. रात्री ती दमलेली, रिकामी येते, सकाळी सगळं गाव पोटात घेऊन निघते. दोन हॉर्न वाजले. दुधाच्या किटल्या मागं चढल्या. बाजाराला निघालेल्या बायका अर्ध्या तिकिटाचे सुटे पैसे मुठीत धरून बसल्या. २०२३ च्या मार्चपासून ही सवलत आहे, आणि 'बाजार नवऱ्यानंच आणायचा' हा नियम तेव्हापासून मोडला, असं त्यातल्याच एकीनं मला सांगितलं. पंचाहत्तरी ओलांडलेले एक आजोबा आधार कार्ड छातीशी धरून फुकटात जतला निघाले होते. कशाला, विचारलं. "जाऊन येतो," म्हणाले. एवढं स्पष्ट प्रवासकारण माझ्या भत्त्याच्या बिलात आजवर लिहिलेलं नाही.

सहा वाजून गेले तरी गाडी हलेना. कंडक्टर दारात उभा. "कॉलेजची पोरगी यायची हाय." कुणी कुरकुरलं नाही. तीन मिनिटांनी ती दप्तर सावरत धावत आली आणि मग डबल बेल. महामंडळाच्या वेळापत्रकात ही तीन मिनिटं कुठं बसवतात कुणास ठाऊक. ऑडिटला आली तर मी काणाडोळा करीन.

जतला उतरलो, ड्रायव्हर-कंडक्टरला हात केला. त्यांची ड्युटी तिथं संपत होती. संध्याकाळी त्याच गाडीवर दुसरी जोडी जाणार होती आणि आजींकडची भाकरी बहुधा त्यांनाही मिळणार होती. मला उगाच थोडं वाईट वाटलं. मला वाटलं होतं, भाकरी माझ्यासाठीच होती.

सांगलीत उतरलो तेव्हा पावसाची झड लागलेली. घरी आलो तर खालचं कपाट रिकामं, माळा भरलेला. मी थांब म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. चहात साखर एक चमचा, मोजून. माझी चादर, माझी उशी, युरियाचा वास नाही, आणि झोप येईना.

पहाटे कधीतरी डोळा लागला आणि दोन हॉर्न ऐकू आले. मी ताडकन उठलो, बॅग शोधली, चपला घातल्या. दाराची कडी काढताना ध्यानात आलं, बाहेर दुधाची गाडी होती.

बायको अंथरुणातनंच म्हणाली, "उठलाच आहात तर एक लिटर घेऊन या. आणि तसंच पुढं जाऊन पुलापाशी बघून या, किती फूट झालंय."