सही का नाही करत?

“तुम्ही तर इथं ग्लायडर उडवायचात. मग अर्जावर सही का नाही?” लिफ्टमध्ये विचारून झालं, दूध आणताना विचारून झालं, परवा एका मुंजीच्या पंगतीत जिलबी वाढता वाढतासुद्धा विचारलं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगतो.

अर्ज आमच्या सोसायटीचा आहे. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंगच्या, म्हणजे बिनइंजिनाची विमानं उडवायच्या, मैदानावर उद्या घरं बांधली तर काय, या धास्तीने लिहिलेला. धास्ती खोटी नाही. सासवड रस्त्याला लागून दोनशेहून जास्त एकर मोकळी जागा, तीही एका बाजूला मगरपट्टा, अमनोरासारख्या मोठ्या वसाहती आणि दुसऱ्या बाजूला 2017 साली महापालिकेत आलेली, 2024 मध्ये वेगळी नगरपरिषद झालेली फुरसुंगी, उरुळी देवाची असताना. तिच्याकडे कुणी बघतच नसेल असं मानायला मी इतका भोळा नाही. अर्जात चार मुद्दे आहेत: उजेड, वारा, वाहतूक, पार्किंग. ग्लायडर हा शब्द मी दोनदा शोधला. नाही.

मी तिथं शिकलो 1988 मध्ये. विमान होतं रोहिणी. त्याच्या बऱ्याच आधी नागरी विमान वाहतूक खात्याने आपल्याकडेच ग्लायडर घडवले होते आणि नावं ठेवली होती नक्षत्रांची: अश्विनी, भरणी, रोहिणी, आर्द्रा. रोहिणी लाकूड-कापडाची. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, मोटारीत बसल्यासारखं. वर काच नाही, वारा थेट तोंडावर. वेग किती आहे ते काट्याआधी कानाला कळायचं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे केबल गुंडाळत ग्लायडरला ओढणारं यंत्र. एक पोरगा पंखाचं टोक धरून चार पावलं पळायचा, केबल ताणली जायची आणि अर्ध्या मिनिटात तुम्ही पाठ टेकून आभाळाकडे बघत हजारेक फुटांवर. मग मूठ ओढायची, केबल सुटल्याचा खट्ट आवाज, आणि एकदम शांत. पुढचं सगळं घारीवर. घार जिथं पंख न हलवता गोल फिरते तिथं गरम हवा वर चढत असते. आपण जाऊन तिच्या घिरट्यात घुसायचं. ती वैतागायची, पण जागा द्यायची.

एकदा अशाच एका घारीच्या नादी लागलो. वाऱ्याबरोबर पूर्वेला कधी सरकलो कळलं नाही, आणि घारीने मध्येच साथ सोडली. मैदान समोर दिसत होतं, पण पोचणार नव्हतो. इंजिनवाल्याला अशा वेळी जोर लावून वर जाता येतं, उतरणं फसलं तर पुन्हा फेरी मारता येते. ग्लायडरला एकदाच उतरायचं असतं. सरांनी शिकवलं होतं, वरून विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब शोध. खांब शोधले, गव्हाची कापणी झालेलं एक रान निवडलं, सरीच्या दिशेने आलो आणि धडधडत थांबलो. ज्यांचं रान होतं ते आजोबा हातात विळा घेऊन आले, भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “इंजिन चोरीला गेलं का रं, पोरा?” मग गुळाचा चहा. मग ट्रेलर घेऊन आलेल्या सरांच्या शिव्या, त्याही आजोबांसमोर.

ते रान आज सापडत नाही. खूण म्हणून विहीर धरली होती, तीही बुजली. तिथं आता बारा मजले आहेत की नुसता रस्ता, छातीठोक सांगता येणार नाही.

लोकांना वाटतं विमानतळ म्हणजे धावपट्टी. ती तर खालची भाकरी झाली; खरा विमानतळ तिच्या वर आणि भोवती असतो. उतरताना कुठून वळायचं, किती खाली येऊन वळायचं, केबल तुटली तर कुठं टेकायचं, ही सगळी जागा दुसऱ्यांच्या रानावरच्या हवेत असते. तिचा सातबारा नसतो. कुंपणाबाहेर एक इमारत उभी राहिली की वळण थोडं अलीकडे घ्यायचं, दुसरी राहिली की आणखी अलीकडे. मैदान तेवढंच राहतं, हुकूम कुणी काढत नाही, आणि विमानतळ आखडत जातो. गंमत अशी की या सिमेंटमुळे उन्हाळ्यात हवा पूर्वीपेक्षा जास्त जोमाने वर चढत असणार. घारींची चंगळ आहे. त्यांना उतरायला गच्चीचा कठडाही चालतो.

अर्ज लिहिणाऱ्या साठेकाकांनी बर्लिनचं उदाहरण दिलं. त्यांचा मुलगा तिकडे असतो. तिथला टेम्पलहोफचा विमानतळ 2008 मध्ये बंद झाला, कडेने घरं बांधायचं ठरत होतं, 2014 मध्ये लोकांनी मतदान करून नाही म्हटलं. आज लोक तिथं सायकली फिरवतात, पतंग उडवतात. छानच आहे. पण काका, विमान तिथं एकही परत आलेलं नाही. मैदान वाचलं. तुमच्या अर्जालाही तेवढंच हवंय, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त माझ्या ग्लायडरची शपथ त्याला घालू नका.

आणि मी कोण बोलणारा? 2009 मध्ये फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘समोर कायम मोकळं’. बायकोला स्वयंपाकघर आवडलं, मला गॅलरी. बुकिंगचा चेक लिहून झाल्यावर गॅलरीत उभा राहिलो आणि लक्षात आलं की आपण जिथून शेवटचं वळण घ्यायचो, साधारण त्याच रेषेत उभे आहोत, सातव्या मजल्यावर. चेक परत मागितला नाही.

ज्या मीटिंगमध्ये अर्ज वाचला, तिच्याच अजेंड्यावर पुढचा विषय होता गच्चीवर मोबाइल टॉवर बसवायचा. भाडं चांगलं येणार होतं. मी म्हटलं, अर्जात एक ओळ घाला, उतरण्याच्या वाटेत आणखी उंची नको, आमचीसुद्धा. सेक्रेटरींनी ते मिनिट्समध्ये लिहून घेतलं, ‘सूचनेची नोंद घेतली’, आणि टॉवर एकमताने मंजूर झाला. एकमताने, कारण हात मीही वर केला. मेंटेनन्स दीडपट झालाय.

अर्जाचा कागद फ्रिजवर आहे, वाण्याच्या यादीखाली. सेक्रेटरींना म्हटलंय, रविवारी सांगतो.